लंडनातली अमरावती

लग्नाला वीस वर्षे झाली तरी आमच्या घरातला एक वाद अजून मिटलेला नाही. मी अमरावतीचा आणि आमची सौ. अकोल्याची. बाहेरच्या माणसाला यात वाद घालण्यासारखे काय आहे ते कळायचे नाही. पुण्या-मुंबईची मंडळी तर दोन्ही गावांना 'नागपूरकडे कुठेतरी' असे म्हणून एकाच दावणीला बांधतात आणि मोकळी होतात. पण मुंबई-नागपूर मार्गावर अकोला लागते, अमरावती लागत नाही, तिथे जायला बडनेऱ्याला उतरावे लागते, ही गोष्ट माझ्या सासुरवाडीने मला पहिल्या दिवाळसणालाच ऐकवली होती. ती मी अजून विसरलेलो नाही, आणि सौ. विसरू देत नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात लंडनला जायचे ठरले तेव्हा मला मनातून थोडा आनंद झाला होता तो निराळ्याच कारणाने. ब्रिटिश म्युझियममध्ये 'अमरावती' नावाचे एक दालन आहे हे मला ठाऊक होते. तिथल्या शिळा आपल्या अमरावतीच्या नाहीत, आंध्रातल्या कृष्णाकाठच्या अमरावतीच्या आहेत, हेही ठाऊक होते. मराठीचा का होईना, मी प्राध्यापक आहे. पण नाव ते नाव. लंडनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'अमरावती' लिहिलेले सौ.ला दाखवायचे आणि मग गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "अकोल्याचं दालन कुठे असेल गं?" एवढ्यासाठी विमानाचे भाडे मला महाग वाटले नाही.

लंडनला माझा मेहुणा नोकरीनिमित्त असतो, हॅरो या उपनगरात. दोन आठवडे आम्ही त्याच्याकडे राहिलो. नवरा-बायको दोघे कामाला आणि घरात दीड वर्षाचे मूल, त्यामुळे त्या दोन आठवड्यांत आम्ही लंडनपेक्षा कपडे धुण्याचे यंत्रच अधिक पाहिले. शेवटी परतीच्या आदल्या दिवशी मेहुण्याने रजा टाकली, मूल आपल्या काखेत घेतले आणि आम्हाला घराबाहेर काढले. सगळे लंडन पाहायला आम्हा दोघांना एक दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान.

मी आदल्या रात्री जागून दिवसाचा आराखडा केला होता. किती वाजता कुठे, कोणत्या गाडीने, किती मिनिटे, सगळे. सौ.ला तो वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला एका घरी जायचंय."

"कोणाच्या?"

"चार वाजेपर्यंत पोचलं म्हणजे झालं."

तिच्या माहेरच्या गोतावळ्यातले कोणी ना कोणी प्रत्येक गावात निघते. लंडनलाही निघाले असेल असे समजून मी आराखड्याच्या तळाशी 'नातेवाईक' असा शब्द लिहिला आणि दिवा मालवला.

सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनने निघालो. जमिनीखालून धावणारी ही जगातली पहिली आगगाडी. १८६३ च्या जानेवारीत सुरू झाली. मी सौ.ला सांगितले, की त्या वेळी आपल्या वऱ्हाडात जमिनीवरसुद्धा आगगाडी धड पोचली नव्हती. नागपूरपर्यंत रूळ गेले ते १८६७ साली. आणि गेले ते आपल्यासाठी नव्हे, कापसासाठी. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाड आठवले. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या भागातल्या कापसाला 'उमरा' म्हणत, ते अमरावतीवरून.

"कापूस अकोल्याचा अन् नाव अमरावतीचं," सौ. म्हणाली. "चालू द्या."

म्युझियमच्या दारात पिशव्या तपासत होते. आमच्या पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी होती. तपासणाऱ्याने डबा उघडला, वास घेतला आणि अतिशय अदबीने पुन्हा बंद केला. आत गेल्यावर काचेच्या छपराखालचे ते प्रचंड अंगण आणि त्याच्या मधोमध उभी असलेली गोल वास्तू पाहून सौ. थबकली. मी लगेच माहिती पुरवली : हे जुने वाचनालय, १८५७ सालचे. कार्ल मार्क्स इथे बसून वाचीत असे. सौ.ने त्या गोल भिंतीकडे एकदा पाहिले, "बरं" म्हणाली आणि आम्ही पुढे निघालो. हा संवाद मी मुद्दाम नोंदवून ठेवतो आहे.

अमरावतीचे दालन सापडले. काचेच्या आत फिकट, जवळजवळ पांढऱ्या शिळा. लोक त्यांना संगमरवर म्हणत आले, पण तो पालनाडचा चुनखडी दगड आहे. त्यावर कमळे, घोडे, हत्ती, दाटीवाटीने उभी असलेली माणसे, आणि एका शिळेवर तर सबंध स्तूपच कोरलेला. या दगडांचे नशीबही विचित्र. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या जमीनदाराने टेकाड फोडायला काढले, तेव्हा कर्नल मॅकेन्झी नावाच्या मोजणी अधिकाऱ्याच्या नजरेला ते पडले. पुढे १८४५ साली वॉल्टर एलियट या मुलकी अधिकाऱ्याने खणून शिळा काढल्या. त्या मद्रासला पडून राहिल्या. १८५९ साली जहाजाने लंडनला आल्या आणि इथेही वीसेक वर्षे इकडून तिकडे फिरून १८८० मध्ये या म्युझियमच्या पदरात पडल्या. कोणी घर देता का, असे विचारीत दगडांनी एवढी पायपीट केलेली मी दुसरी ऐकली नाही.

मी वही काढली. एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. आधीच्या काळातली एक बाजू, आणि दोन-तीन शतकांनी तोच दगड फिरवून कोरलेली दुसरी. मी त्या शिळेभोवती प्रदक्षिणाच घातल्या म्हणा ना. अकोल्याचा विनोद करायचा राहूनच गेला. भान आले तेव्हा सौ. एका शिळेपुढे उभी होती.

"यात मधे आसन आहे, सगळे हात जोडून राहिले, पण आसनावर कोणीच नाही."

मी तिला समजावले, की आरंभीच्या काळात बुद्धाची मूर्ती कोरीत नसत. रिकामे आसन, पावले, बोधिवृक्ष एवढ्यावर भागवीत. बसलेला दाखवायचा नाही. तो आहे असे समजायचे.

"समजतं बघणाऱ्याला," ती म्हणाली आणि घड्याळाकडे पाहिले. साडेबारा वाजून गेले होते. माझ्या आराखड्यात या दालनाला चाळीस मिनिटे होती, मी दोन तास घेतले होते.

रसेल स्क्वेअरच्या बागेतल्या बाकावर दशम्या खाल्ल्या. मे महिन्यात अमरावतीच्या रस्त्यावर दुपारी कुत्रेसुद्धा दिसत नाही. इथे माणसे उन्हात मुद्दाम लोळत होती. सौ. म्हणाली, "आता जायचं का त्या घरी?" मी म्हणालो, "आधी दादासाहेब."

दादासाहेब म्हणजे आमचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे, ज्यांना लोक वऱ्हाडचे नवाब म्हणत. १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि प्रिव्ही कौन्सिलात दाद मागण्यासाठी अमरावतीचा हा वकील आपली भरभराटीची वकिली सोडून लंडनला आला. तो परतला १९१० साली. अपील फेटाळले गेले, पण रोजनिशी लिहिण्याची सवय त्यांनी सोडली नाही. खापर्डे बगीच्यावरून रोज कॉलेजला जाणाऱ्या माणसाने लंडनला येऊन दादासाहेबांनी हेलपाटे घातलेले दार पाहू नये, हे मला बरे दिसेना.

ते दार डाउनिंग स्ट्रीटमध्ये होते. होते म्हणण्याचे कारण असे, की आता त्या गल्लीच्या तोंडाशी उंच लोखंडी फाटक आहे आणि फाटकाशी बंदूकधारी पोलीस. जगातले सगळे प्रवासी तिथे पंतप्रधानांच्या घरासाठी माना उंचावत होते. खापर्ड्यांसाठी मान उंचावणारा मी एकटाच असेन. पोलिसाला विचारले, प्रिव्ही कौन्सिलचे न्यायालय यातले कोणते? त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले, आणि ते आता इथे नाही, पार्लमेंट स्क्वेअरला गेले आहे, असे सांगितले. ते तिथे गेले २००९ साली. म्हणजे दादासाहेबांचा तिथे काहीएक संबंध नाही. तरी मी गेलो. आत जायला मोकळीक होती, म्हणून आत गेलो. कोरीव लाकूडकाम, रंगीत काचा, एका दालनात काम चालू होते तेही थोडा वेळ ऐकले. काय चालले आहे ते कळले नाही, पण दादासाहेबांनाही असेच अवघडल्यासारखे वाटले असेल, अशा विचाराने मी भारावलो होतो.

बाहेर आलो तर सौ. हातात एक चिठ्ठी धरून उभी होती. तिच्या भावाच्या अक्षरात स्टेशनांची नावे होती.

"चार वाजून गेले. मी जाते. तुम्ही पहा अजून काय पाहायचं ते."

वीस वर्षांत ती मला असे दोनदा म्हणाली आहे. पहिला प्रसंग इथे सांगण्यासारखा नाही. मी मुकाट्याने निघालो.

नदीकाठाने एम्बँकमेंट स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि तिथून नॉर्दर्न लाइनची गाडी धरली. आता या लाइनला कॅम्डन टाउनला दोन फाटे फुटतात. मूर्तिजापूरला शकुंतला चालत होती तेव्हा जसे एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ, तसेच. पाटी वाचून गाडीत चढावे एवढी साधी गोष्ट. मी पाटी वाचली नाही, कारण मी बोलत होतो. दादासाहेबांविषयीच. सौ.ने मधेच विचारले, "बाबासाहेब लंडनला होते तेव्हा वाचायला कुठं जायचे?"

"कोण? आंबेडकर? ब्रिटिश म्युझियममध्ये. दार उघडायच्या आधी जाऊन उभे राहायचे म्हणतात, आणि बंद होईपर्यंत…"

मी थांबलो.

"म्हणजे सकाळी आपण पाहिलं ते? गोल?"

"हो. तेच."

"तुम्ही मार्क्सचं सांगितलं," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, नुसते सांगितले.

मग तिने पर्समधून रुमाल काढला. रुमालाच्या टोकाला गाठ होती. गाठीत दहाची एक नोट आणि एक रुपयाचे नाणे. "हे आपल्या मावशींचे. बाबासाहेबांच्या घरी ठेवायला दिलेत. मी शब्द दिलाय."

मावशी म्हणजे आमच्याकडे गेली अकरा वर्षे धुणे-भांडी करणाऱ्या. फ्रेजरपुऱ्यातून चालत येतात. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघरात सौ.शी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. पैशांची उचल मागत असतील असे समजून मी बाहेर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो.

एवढ्यात केंटिश टाउन आले. आम्हाला हवे होते चॉक फार्म. आम्ही यवतमाळच्या गाडीत बसून अचलपूरला निघालो होतो.

उतरलो, जिने चढलो, जिने उतरलो, उलट्या गाडीने कॅम्डन टाउनला आलो, पुन्हा जिने, पुन्हा फलाट. सौ.चा उजवा गुडघा दोन वर्षे दुखतो आहे, पण ती माझ्यापुढे चालत होती. चॉक फार्मला बाहेर पडलो, रुळांवरचा पूल ओलांडला आणि किंग हेन्रीज रोडला लागलो. शांत रस्ता, एकासारखी एक जुनी उंच घरे. दहा क्रमांकाचे घर लांबूनच ओळखू आले, कारण त्यावर निळी गोल पाटी होती. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, १८९१-१९५६, सामाजिक न्यायासाठी झगडणारे भारतीय, १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, अशा अर्थाची.

दार बंद होते. आतले दिवेही बंद. आमच्या घड्याळात सव्वापाच झाले होते.

महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ साली विकत घेतले आणि स्मारक म्हणून खुले केले, हे मी वर्तमानपत्रात वाचलेले होते. इतकेच काय, बाबासाहेब १९१६ साली पहिल्यांदा लंडनला आले, बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्ध्यावर परतले, १९२० साली पुन्हा आले, त्या वेळी शाहू महाराजांची मदत होती, हेही मला तोंडपाठ आहे. मी ते वर्गात सांगतो. १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी आमच्या अमरावतीत परिषद भरली, तिचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषविले, आणि त्या वेळी देवस्थानच्या बाजूला होते ते आमचे दादासाहेब खापर्डेच, हेही मला ठाऊक होते. माझ्या आराखड्यात दादासाहेब होते, आणि या घराच्या जागी मी 'नातेवाईक' असे लिहिले होते.

सौ. काही बोलली नाही. तिने खाली वाकून पायातले बूट काढले, ते कुंपणाशी नीट जोडून ठेवले आणि मोजे घातलेल्या पायांनी फरशीवर उभी राहून बंद दाराला नमस्कार केला. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एक बाई आमच्याकडे पाहून हसल्या. कुत्र्याने बुटांचा वास घेतला. मग मीही माझे बूट काढले.

"मावशींना फोन लावा," ती म्हणाली.

"आत्ता? तिकडे पावणेदहा वाजले."

"लावा."

मावशींच्या नातवाने फोन उचलला. पडद्यावर आधी पंखा दिसला, मग भिंत, मग मावशी. सौ.ने फोन घराकडे वळवला.

"हेच काय बाप्पा?" मावशी म्हणाल्या. "मोठं हाय. लाइट काऊन नाई लावला?"

"बंद झालं मावशी. आम्हाला उशीर झाला. चूक आमची झाली."

यातला 'आमची' हा शब्द मला अजून टोचतो. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वरची खिडकी दाखवा. हां. तथी बसत असतीन ना वाचत?" कोणती खोली त्यांची होती हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हते. सौ. म्हणाली, "हो, तिथंच." मावशी त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "माह्या आज्यानं त्याईले पाह्यलं व्हतं. अमरावतीले आले तवा. लई सांगे." पुन्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी विचारले, "अन् ते पैसे?"

"पेटी आत असेल मावशी. दारात ठेवले तर वाऱ्यानं जातील."

"वापस नका आनू बाप्पा," मावशी घाईने म्हणाल्या. "देल्ला पैसा वापस येत नसते. कोन्या शिकनाऱ्या लेकराले देऊन द्या तथी."

बाबासाहेबांनी लंडनच्या विद्यापीठासाठी लिहिलेला आणि १९२३ साली छापून निघालेला ग्रंथ रुपयाच्याच प्रश्नावर आहे. त्यांच्या दाराशी आम्ही दोघे अकरा रुपयांचा प्रश्न घेऊन उभे होतो. लंडनमध्ये शिकणारी मुले हजारो असतील, पण दहाची नोट पुढे केली तर पोलिसाला बोलावतील अशी मला धास्ती.

"काकू, तुम्ही वऱ्हाडातल्या का?"

मागे एक पोरगा उभा होता. पाठीला पिशवी, अंगात कुठल्याशा दुकानाचा गणवेश. आमचे फोनवरचे बोलणे त्याने ऐकले असावे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो इथे एम.ए.ला आला होता, संध्याकाळी कॅम्डनला एका दुकानात काम करीत होता, आणि कामावर जाताना मधूनमधून या रस्त्याने जायचा. "वाकडं पडतं थोडं," तो म्हणाला. त्याने नमस्कार केला तोही बंद दारालाच. उघड्या वेळी येणे त्याला फारसे जमत नव्हते.

"कुठला तू?" सौ.ने विचारले.

"अकोल्याचा."

"अकोल्यात कुठं?"

"अकोट फैलात."

सौ.चा चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडे पाहिले. तिने रुमालाची गाठ सोडली, कोणी दिले आणि काय म्हणून दिले ते त्याला सांगितले, आणि नोट व नाणे त्याच्या हातावर ठेवले. पोरगा आधी हसला. मग हसायचा थांबला. त्याने आपल्या फोनचे मागचे झाकण काढले, नोटेची घडी घातली, ती आत ठेवली आणि झाकण दाबून बसवले. नाणे मुठीतच राहिले.

"दशम्या आहेत तीन," सौ. म्हणाली. "चटणीपण आहे. तिखट आहे, पण तू अकोल्याचा आहेस."

त्याने कुंपणाशी उभ्या उभ्या तिन्ही संपवल्या. आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आला. वाटेत ती दोघे पुढे आणि मी मागे. टिळक रोडवर आता किती गर्दी असते, मोर्णेला पाणी असते का, यंदा पारा कुठवर गेला, असे काहीबाही बोलणे चालले होते. त्यात मला शिरायला फट नव्हती. चॉक फार्मच्या दारात त्याने माझ्या पायांना हात लावला आणि बजावून सांगितले, "काका, गाडीवरची पाटी वाचून चढा."

गाडीत बसल्यावर सौ.ने डोळे मिटले. झोप लागली असे वाटून मी आराखडा काढला आणि तळाचा 'नातेवाईक' हा शब्द खोडायला पेन उघडले.

"राहू द्या तसाच," ती डोळे न उघडता म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुम्ही आज काहीतरी विचारणार होते ना? अकोल्याचं?"

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."